मॅक्लाउड नदीकाठचा धर्मोपदेशक

८ जून १८७३ रोजी अमेरिकेतील ओमाहा शहराजवळ एल्कहॉर्न नदीवरचा रेल्वेपूल खचला आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गाडीचे काही डबे पाण्यात कोसळले. त्यांतला एक डबा म्हणजे फिरते मत्स्यालयच होते. हौद, पाण्याची पिंपे आणि बर्फाच्या लाद्या यांनी तो खच्चून भरला होता. शेवंड, वाम, बास अशा पूर्वेकडच्या सुमारे ३ लाख लहानमोठ्या जिवांची त्यातून पश्चिमेकडे रवानगी चालली होती. डबा फुटला, हौद फुटले आणि जे वाचले ते जलचर नेब्रास्काच्या त्या अनोळखी नदीत पसार झाले. डब्यासोबत असलेला छत्तीस वर्षांचा गृहस्थ ढिगाऱ्यातून कसाबसा बाहेर पडला. दुसऱ्या एखाद्याने या उद्योगाला कायमचा रामराम ठोकला असता. हा मात्र पूर्वेकडे परतला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला शॅड माशाचे ४० हजार जिरे घेऊन पुन्हा त्याच वाटेने निघाला. जुलैच्या प्रारंभी त्याने त्यांतील बहुतेक जिरे कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो नदीत जिवंत सोडले.

या गृहस्थाचे नाव लिव्हिंग्स्टन स्टोन. काश्मीर किंवा हिमाचलच्या सहलीत ज्यांनी ट्राउटची चव घेतली असेल, त्यांना हे नाव बहुधा ठाऊक नसेल. आपल्याकडच्या थंड ओढ्यांत ट्राउटच्या दोन जाती आहेत. तपकिरी ट्राउट युरोपातून आला आणि अंगावर गुलाबी पट्टा मिरवणारा रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. दोन्ही जाती इंग्रजी अमदानीत आल्या. रेनबो ट्राउट आज अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडात आहे. या प्रसाराचा मोठा आरंभ ज्या नदीकाठावरून झाला, तिथे तंबू ठोकून बसलेला माणूस म्हणजे स्टोन. हौदात वाढवून ओढ्यात सोडलेला मासा आणि ओढ्यातच जन्मलेला मासा यांच्यातील जो वाद अमेरिकेतील गळ टाकणाऱ्यांमध्ये आजही धुमसतो आहे, त्याच्या दोन्ही बाजू या एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात.

स्टोन यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३६ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाला. १८५७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक झाले आणि न्यू हॅम्पशायरमधील चार्ल्सटाउन या लहानशा गावात प्रवचने देऊ लागले. प्रकृती साथ देईना. मोकळ्या हवेत राहण्याची गरज निर्माण झाली, आणि १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गावालगतच्या थंड झऱ्यावर ट्राउटचे हौद बांधले. धर्मपीठ सुटले ते सुटलेच.

तो काळ या उद्योगाला अनुकूल होता. पूर्व अमेरिकेतील ओढ्यांचा खरा मानकरी म्हणजे ब्रूक ट्राउट. त्याला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. एकोणिसाव्या शतकात काठावरची जंगले तुटली, सावली गेली आणि ओढ्यांचे पाणी तापू लागले. लाकूड कापण्याच्या गिरण्यांचा भुसा आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांची घाण पाण्यात मिसळत होती, पाणचक्क्यांचे बंधारे माशांची वाट अडवत होते. मासा नाहीसा होत चालला. यावर उपाय दोनच होते : नदी सुधारणे, किंवा मासा तयार करून सोडणे. पहिला खर्चीक, शिवाय गिरणीमालकांशी वैर पत्करायला लावणारा. दुसरा स्वस्त आणि कोणालाच न दुखावणारा. लोकांनी दुसरा निवडला.

त्या निवडीमागे एक हिशेबही होता, आणि तो सकृतदर्शनी बिनतोड वाटतो. नदीत ट्राउटची मादी शेपटीने वाळूखड्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर खडे लोटते. पूर, गाळ, बुरशी आणि इतर माशांची भूक यांतून फारच थोडी पिले तगतात. याउलट मादीचे पोट हलक्या हाताने दाबून गाभोळीतील पिकलेली अंडी कोरड्या भांड्यात घेतली, त्यावर नराचे शुक्र पिळले आणि मगच पाणी घातले, तर जवळजवळ सगळी अंडी फळतात. पुढे संथ वाहत्या पाण्यात ती राखली की काही आठवड्यांनी प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसू लागतात. या अवस्थेतील अंडे आश्चर्यकारक चिवट असते. ओल्या शेवाळात थर लावून, सोबत बर्फ ठेवून ते शेकडो कोस पाठवता येते. निसर्ग शंभरांतून दोनचार वाचवतो, आम्ही नव्वद वाचवू, असा त्या पिढीचा आत्मविश्वास होता. स्टोन यांनी १८७२ मध्ये ट्राउटपालनावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच ट्राउटला पाळीव हे विशेषण लावलेले होते. रानातला जीव गोठ्यात आणता येतो, याचा तो जाहीरनामाच होता. त्यापूर्वी, डिसेंबर १८७० मध्ये, न्यूयॉर्क येथे मत्स्यसंवर्धकांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

१८७१ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय मत्स्य आयोग नेमला. त्याचे प्रमुख, निसर्गशास्त्रज्ञ स्पेन्सर बेअर्ड यांना पूर्वेकडील नद्यांमधून नामशेष होत चाललेल्या सामन माशाच्या जागी पॅसिफिककडचा सामन आणून सोडायचा होता. ही कामगिरी त्यांनी स्टोन यांच्यावर सोपवली. १८७२च्या उन्हाळ्यात स्टोन कॅलिफोर्नियात उतरले, तेव्हा तिथला सामन नेमका कुठे अंडी घालतो हे कोणालाच धड सांगता येईना. अखेर रेल्वेच्या एका अभियंत्याने नकाशावर बोट ठेवले : मॅक्लाउड नदी, जिथे मूळ रहिवासी भाल्याने सामन मारतात.

माउंट शास्ता या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या पोटातून पाझरलेल्या झऱ्यांवर मॅक्लाउड वाहते. उन्हाळ्यात काठावर पारा चाळिशी गाठतो. पाणी मात्र हातपाय बधिर करणारे. काठावर विंटू लोकांची वस्ती होती, आणि गोऱ्यांना तिथे फारसा शिरकाव मिळालेला नव्हता. सोने शोधणाऱ्यांच्या गाळानेही ही नदी तोवर बिघडली नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस स्टोन मूठभर सहकाऱ्यांसह तिथे पोहोचले, तेव्हा सामनचा अंडी घालण्याचा हंगाम सरत आला होता. घाईघाईने उभारलेल्या केंद्रात जेमतेम ५० हजार अंडी जमली. त्यांतील निवडक ३० हजार रेल्वेने पूर्वेला गेली आणि बहुतेक वाटेतच मेली. या केंद्राला पुढे बेअर्ड यांचे नाव मिळाले.

विंटूंना हे पाहुणे नको होते. त्यांनी स्टोन यांना निघून जाण्यास बजावले. पुढच्या वर्षी जमाव करून धमकावलेही. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर यात गैर काही नव्हते. वर्षभराच्या अन्नाचा आधार असलेल्या माशाला कोणी परका हात घालत होता. स्टोन यांनी बंदुकीपेक्षा व्यवहाराचा मार्ग पत्करला. अंडी काढून झाल्यावर सामन खाण्याजोगा असतोच; तसाही तो विणीनंतर मरतो. ते सगळे मासे विंटूंना देण्याचा शिरस्ता त्यांनी घातला आणि जाळी ओढण्याच्या, अंडी निवडण्याच्या कामावर त्यांनाच मजुरीने घेतले. या लोकांविषयी त्यांनी सरकारी अहवालांतून आदराने लिहिले. त्यांच्या भाषेतील शब्दांची नोंद केली, आणि गोऱ्यांच्या वसाहतीपुढे ते नष्ट होत चालल्याची खंतही मांडली. तथापि नदीच्या पात्रात आडवे कुंपण घालून सामनची वाट अडवली ती त्यांनीच. कुंपणाखाली माशांची इतकी दाटी होई की पाणी उकळल्यासारखे दिसे. कुंपणाच्या वर, उगमाकडच्या वस्त्यांना काय मिळत असेल, याचा अंदाज करता येतो.

पुढील दहा वर्षांत बेअर्ड केंद्रातून सामनची कोट्यवधी अंडी बाहेर पडली. पूर्वेकडील नद्या, मिसिसिपीचे खोरे, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा सगळ्या दिशांना ती गेली. पूर्व किनाऱ्यावरच्या एकाही नदीत त्यांतून सामनची स्वतःहून टिकणारी पैदास उभी राहिली नाही. ज्या कामासाठी स्टोन खंड ओलांडून आले, ते काम एवढा खटाटोप करून पूर्णतः फसले.

यश आले ते दुसऱ्याच माशाच्या रूपाने. मॅक्लाउडमध्ये सामनबरोबर ट्राउटही विपुल होता. १८७९ मध्ये सामन केंद्रापासून काही मैल वर स्टोन यांनी ट्राउटचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. नदीत धरलेले मोठे ट्राउट हौदांत राखायचे, हिवाळ्याअखेर त्यांची अंडी काढायची आणि देशभर पाठवायची. हा मासा ब्रूक ट्राउटपेक्षा थोडे अधिक गरम पाणी सोसत असे, हौदात लवकर वाढे, आणि गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या मारून शौकिनांची हौस पुरवी. जंगल तुटलेल्या, तापलेल्या ओढ्यांना जणू नेमका हवा तसा जीव सापडला होता. १८८८ मध्ये हे ट्राउट केंद्र बंद झाले, पण तोवर मॅक्लाउडचे वाण मिशिगन, व्हर्जिनिया, न्यूयॉर्क येथील केंद्रांत रुजले होते आणि समुद्रापारही गेले होते. तिथून पुढे अंड्यांना नदीची गरज उरली नाही. हौदातल्या माशाची अंडी, त्यांतून पुन्हा हौदातला मासा, असे चक्र सुरू झाले.

आपल्याकडे गावरान कोंबडी आणि ब्रॉयलर यांत जो फरक ग्राहक एका घासात ओळखतो, तसाच काहीसा फरक या दोन ट्राउटमध्ये पडत गेला. हौदात ज्याला भरपूर खाऊन लवकर वाढता येते तो मासा पुढच्या पिढीचा बाप होतो. नदीत जो सावली पडताच दगडाखाली दडतो तो. हौदाच्या भिंतींना घासून पर झिजलेला मासा माणसाची चाहूल लागली की खाद्याच्या आशेने वर येतो. खरा ट्राउट चाहूल लागली की दिसतच नाही. रेनबो ट्राउटचाच समुद्रात जाऊन परतणारा एक प्रकार आहे, स्टीलहेड. ओरेगनमधील हूड नदीवर त्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला. हौदात घालवलेल्या प्रत्येक पिढीगणिक माशाची नदीत पिले वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यातून २००७ मध्ये पुढे आले. शंभरांतून नव्वद वाचवण्याच्या हिशेबात ही वजाबाकी कोणी धरलेली नव्हती.

स्टोन यांना आनुवंशशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचा भ्रमनिरास झाला तो वेगळ्या वाटेने. १८८३ मध्ये सॅक्रामेंटोच्या वरच्या खोऱ्यातून लोहमार्ग काढण्याचे काम धडाक्याने सुरू झाले. नदीकाठच्या कड्यांना सुरुंग लागले. खाली समुद्राच्या बाजूला सामन डबाबंद करणारे कारखाने वीसच्या घरात पोहोचले होते आणि त्यांची जाळी पात्र गाळून काढत होती. त्या हंगामात मॅक्लाउडच्या कुंपणापर्यंत सामन जवळजवळ आलाच नाही. कुंपण तेच, हौद तेच, अनुभवी माणसे तीच. फक्त मासा नव्हता. सामनच्या अंड्यांचे काम १८८४ पासून चार वर्षे थांबवावे लागले. ज्या विद्येने नदीवर मात केली असे वाटत होते, ती नदीवरच उभी होती.

१८८९ मध्ये सरकारने त्यांना अलास्कात पाठवले. कोडियाक आणि अफोग्नाक बेटांवर त्यांनी पुन्हा ते दृश्य पाहिले, जे मॅक्लाउडवर सतरा वर्षांपूर्वी पाहिले होते : माशांनी काठोकाठ भरलेल्या नद्या. आणि त्यांच्या मुखाशी डबाबंद कारखाने. या वेळी त्यांना शेवटही दिसला. मे १८९२ मध्ये न्यूयॉर्क येथे मत्स्यसंवर्धकांच्या त्याच संघटनेपुढे, जिच्या स्थापनेत त्यांचा हात होता, त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता सामनसाठी राष्ट्रीय उद्यान.

निबंधाचा युक्तिवाद सरळ होता. सामनचा शत्रू अस्वल नव्हे, पूर नव्हे, तर माणसाचा उद्योग : गिरण्या, बंधारे, खाणी, जाळी, जंगलतोड. कायदे पुष्कळ होतात, पण जिथे पैसा मिळतो तिथे ते पाळले जात नाहीत. गवताळ मैदानांवरून रानगवे गेले तसाच सामनही जाईल. रानगव्यांना यलोस्टोनचा आसरा आहे, तसा माशांनाही एखादा मुलूख राखून ठेवा, जिथे त्यांच्या वाटेला कोणी जाणार नाही. अफोग्नाक बेट त्यांनी सुचवलेही. सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची भाकरी अंडी उबवण्यावर चालत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निबंधातील धैर्य कळते. आणखी अंडी हा उपाय त्यांनी तिथे पहिला ठेवला नाही. नदी मोकळी ठेवणे हा ठेवला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी अफोग्नाक हे वन आणि मत्स्यसंवर्धनासाठी राखीव क्षेत्र घोषित केले.

स्टोन यांना संत ठरवण्याचे मात्र कारण नाही. त्यांनी मत्स्यबीजाचे काम सोडले नाही. मॅक्लाउडवर १८८८ पासून पुन्हा अंडी काढली जात होती, पुढे ते न्यूयॉर्क राज्यातील केप व्हिन्सेंट येथील केंद्राचे प्रमुख झाले आणि १९०६ मध्ये निवृत्त होईपर्यंत हेच करत राहिले. १८७९ मध्ये त्यांनीच पूर्वेकडून आणून सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या मुखप्रदेशात सोडलेल्या सव्वाशे-दीडशे पट्टेरी बासची प्रजा अफाट वाढली, आणि तो बास सामनची पिले खातो. अफोग्नाकवरही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने मत्स्यबीज केंद्रच बांधले. राखीव मुलूख हवा हे पटले तरी त्यात काही न करता बसणे कोणाला जमेना. १९१२ मध्ये पिट्सबर्ग येथे स्टोन यांचे निधन झाले.

ज्या यलोस्टोनचा त्यांनी दाखला दिला, तिथे काय चालले होते? उद्यानातील अनेक तळी आणि धबधब्यांवरचे ओढे निसर्गतः मासेरहित होते. १८८९ पासून त्यांत रेनबो, तपकिरी, ब्रूक असे जे हाती येईल ते सोडण्यास प्रारंभ झाला. १९५०च्या दशकात हे थांबेपर्यंत तिथे ३० कोटींहून अधिक मासे सोडले गेले होते. रानगव्यांना अभय देणाऱ्या उद्यानात स्थानिक कटथ्रोट ट्राउट मात्र रेनबोशी संकर होऊन आपले रूप गमावत राहिला. आज उद्यानात कटथ्रोट गळाला लागला तर जिवंत परत सोडावा लागतो, आणि काही ओढ्यांत रेनबो लागला तर त्याला परत सोडण्यास मनाई आहे. शेजारच्या मॉन्टाना राज्याने मॅडिसन नदीवर आणखी एक धडा घेतला. मासे सोडणे बंद केलेल्या भागात नदीतच जन्मलेल्या ट्राउटची संख्या कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढली. १९७४ पासून त्या राज्याने ट्राउट स्वतःच्या बळावर टिकतो अशा नद्यांत हौदातले मासे सोडणे थांबवले. गळवाल्यांनी आधी केवढा गहजब केला होता, आणि आज त्याच नद्यांसाठी जगभरातून लोक येतात. शहरातल्या बागांमधील तळ्यांत पोरांसाठी दर हिवाळ्यात ट्राउट सोडतात, त्याला कोणाची हरकत नाही. तिथे बिघडण्यासारखी नदीच नसते.

मॅक्लाउडचे काय झाले, ते अधिक बोलके आहे. १९३८ ते १९४५ या काळात खाली सॅक्रामेंटोवर शास्ता धरण बांधले गेले. बेअर्ड केंद्राची जागा, स्टोन यांचे तंबू आणि विंटूंच्या वस्त्या जिथे होत्या तो काठ जलाशयात बुडाला. सामनची वाट भिंतीने कायमची तोडली. कॅलिफोर्नियात केवळ याच नदीत आढळणारा बुल ट्राउट १९७५ नंतर दिसला नाही. हिवाळ्यात समुद्रातून वर येणारी सामनची खास प्रजा धरणाखालच्या तापणाऱ्या पाण्यात तग धरून राहिली आणि अतिसंकटग्रस्त ठरली.

मॅक्लाउडकाठच्या विनेमेम विंटूंना मात्र आपल्या सामनचा ठावठिकाणा माहीत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बेअर्ड केंद्रातून गेलेल्या अंड्यांतून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सामन रुजला होता, आणि तो तिथल्या नद्यांत अजूनही फिरतो. २०१० मध्ये विनेमेम मंडळी राकाया नदीवर गेली आणि त्यांनी त्या माशांसाठी आपले पारंपरिक नृत्य केले.

शास्ता धरणाच्या पायथ्याशी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक मत्स्यबीज केंद्र उभारण्यात आले. हिवाळी सामन वाचवणे हे त्याचे काम, आणि त्याला नाव दिले आहे लिव्हिंग्स्टन स्टोन यांचे. २०२२च्या उन्हाळ्यात दुष्काळाने धरणाखालचे पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत तापले, तेव्हा याच केंद्रातून सुमारे ४० हजार अंडी निघाली. सरकारी अधिकारी आणि विनेमेम विंटू यांनी ती धरणाच्या वर, मॅक्लाउडच्या थंड पाण्यात नेऊन ठेवली. पिले बाहेर पडली, तेव्हा त्या नदीत सुमारे ऐंशी वर्षांनी सामन पोहत होता. समुद्राकडे जाणारी वाट बंद असल्याने खाली आलेली पिले सापळ्यांत धरून, टाकीत घालून, रस्त्याने धरणाखाली आणून सोडावी लागली.